प्रेरणा देणाऱ्याची शिदोरी

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातील गाव बाहेरच्या माणसाला माहीत असते ते मुख्यतः केळीमुळे. अर्धापूरपासून या बाजूला पसरलेला केळीचा पट्टा, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यावर उभी राहिलेली बागायत आणि तिला लागूनच पावसाच्या भरवशावर तग धरणारे कोरडवाहू सोयाबीन व तूर, असा या परिसराचा संसार आहे. अशा गावात वाढलेल्या महाविद्यालयीन मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तर त्याची उत्तरे वर्षानुवर्षे ठरलेली होती. कुणी डी. एड.ला जाई, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावे, कुणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन नांदेडची किंवा पुण्याची अभ्यासिका गाठी. गेल्या काही वर्षांत या उत्तरांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. विद्यार्थी शांतपणे सांगतो की, त्याला 'कंटेंट क्रिएटर' व्हायचे आहे आणि तेही लोकांना प्रेरणा देणारा.

हे उत्तर ऐकून स्टाफरूममध्ये हशा पिकतो आणि घरात बहुधा भांडण होते. बापाला वाटते, पोरगा हातातून गेला. प्राध्यापकाला वाटते, वीस वर्षांच्या मुलाने जगाला जगण्याचा उपदेश करावा हा काळाचा विनोद आहे. दोघांच्याही प्रतिक्रियेत तथ्याचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु हसण्याने किंवा रागावण्याने प्रश्न संपत नाही. मुलगा उपदेश करायला का निघाला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे आणि या मार्गावर त्याची कोणती वर्षे खर्ची पडणार आहेत, याचा विचार कोणी तरी त्याच्यासोबत बसून करावयास हवा. तो आज फारसा कोणी करीत नाही.

शब्दाच्या बळावर लोकांना हलविण्याची आकांक्षा या मातीला परकी नाही. परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसी हे याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सातशे वर्षांपूर्वी नामदेवांनी कीर्तनाच्या रूपाने जे उभे केले ते आजच्या भाषेत लोकसंवादाचे माध्यमच होते. त्या माध्यमाला ना छापखाना लागला ना राजाश्रय, आणि ते पंजाबपर्यंत पोहोचले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट झाली, आणि त्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या घुमान येथे २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एवढ्या दूरच्या काळात जाण्याची गरज नसेल, तर आणखी एक नाव घेता येईल. नरहर कुरुंदकर १९३२ मध्ये जन्मले ते वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावी, म्हणजे पुन्हा आजच्या हिंगोली जिल्ह्यातच. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकविणारा हा माणूस नाट्यशास्त्र, मनुस्मृती, धर्मनिरपेक्षता, संगीत अशा विषयांवर मराठवाड्यातील लहानमोठ्या गावांत तासन् तास बोलत असे आणि लोक ऐकत असत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला.

कुरुंदकरांचा उल्लेख येथे केवळ अभिमानासाठी केलेला नाही. त्यांच्या व्याख्यानांतून एका संपूर्ण पिढीला प्रेरणा मिळाली, हे त्या पिढीतील अनेकांनी लिहून ठेवले आहे. पण 'प्रेरणा' हा त्यांच्या व्याख्यानाचा विषय कधीच नव्हता. ते श्रोत्यांची स्तुती करीत नसत. श्रोत्याच्या मनात घट्ट बसलेली समजूत उचकटून काढावी, तिच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे पुरावे मांडावेत आणि मग त्याला घरी पाठवावे, अशी त्यांची रीत होती. घरी जाणाऱ्या श्रोत्याला स्वतः विचार करता येतो याचा साक्षात्कार झालेला असे. याच्या उलट आजच्या पडद्यावरील प्रेरणादायी मिनिटात प्रेरणा हाच आरंभ असतो आणि प्रेरणा हाच शेवट. मागे चढत जाणारे संगीत वाजत असते. सिंह, गरुड किंवा हिमशिखर दिसत असते. आणि हार मानू नका, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, स्वतःवर विश्वास ठेवा, ही तीन वाक्ये आलटून पालटून उच्चारली जातात. ही वाक्ये खोटी आहेत असे नाही. ती इतकी सर्वांसाठी आहेत की, कोणा एकासाठी उरतच नाहीत.

माध्यम मात्र खरोखरच बदलले आहे, आणि त्या बदलाची तारीखही सांगता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरील डेटा खेड्यातील मुलाच्या खिशाला परवडू लागला. त्यानंतर टिकटॉकने गावोगावच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची सवय लावली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा त्या मुलांची सगळी मेहनत एका रात्रीत नाहीशी झाली. काही आठवड्यांतच इन्स्टाग्रामचे रील्स आणि पाठोपाठ यूट्यूबचे शॉर्ट्स यांनी ती जागा भरून काढली. पूर्वी डोंगरकड्याच्या मुलाला आपले बोलणे दूरवर पोहोचवायचे असेल, तर वक्तृत्व स्पर्धा, युवक महोत्सव, फार तर परभणी आकाशवाणीवरचा एखादा कार्यक्रम, एवढीच दारे होती, आणि प्रत्येक दारावर कोणी तरी परीक्षक बसलेला होता. आता परीक्षक गेला. परीक्षकाच्या मर्जीतून मुलगा सुटला ही चांगली गोष्ट झाली; त्याच्याकडून मिळणारी दुरुस्तीही गेली, हे नुकसान झाले.

आता व्यवहाराकडे वळू. कारण घरातील भांडण अखेर त्यावरच होत असते. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे आवश्यक असते. किंवा छोट्या शॉर्ट्सच्या बाबतीत ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाणे. कारकुनी हिशेब मांडला तर ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. पाच मिनिटांची चित्रफीत पाहणारा सरासरीने निम्म्यावर सोडून देतो असे धरले, तर ती संख्या गाठण्यासाठी वर्षभरात ९६,००० वेळा कोणी तरी ती उघडली पाहिजे. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५२ चित्रफिती केल्या, तर प्रत्येकीला सुमारे १,८५० प्रेक्षक हवेत. शॉर्ट्सच्या वाटेने जायचे, तर रोज १,११,००० च्या वर. हे झाले केवळ दार उघडण्यापुरते. पुढे जाहिरातीच्या उत्पन्नातून लांब चित्रफितींसाठी ५५ टक्के आणि शॉर्ट्ससाठी वाट्याला आलेल्या रकमेच्या ४५ टक्के निर्मात्याला मिळतात. भाव ठरविण्याचा, नियम बदलण्याचा आणि चित्रफीत कोणापुढे ठेवायची हे ठरविण्याचा अधिकार मात्र सर्वस्वी कंपनीचा. केळीचा भाव ठरविण्यात ज्या बापाचा काही हात नसतो, त्याच्या मुलाने त्याच जातीचा दुसरा बाजार निवडला आहे, असे म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही.

तरीही या बाजारात मराठी माणसे टिकली आहेत, आणि ती कशावर टिकली हे पाहण्यासारखे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीच्या आजीबाई. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने २०२० च्या सुमारास त्यांच्या स्वयंपाकाचे चित्रीकरण करून 'आपली आजी' हे चॅनेल चालविले आणि लाखो लोक ते पाहू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चोरट्यांनी ते चॅनेल ताब्यात घेतले आणि काही दिवसांनी ते परत मिळाले, तेव्हा या मिळकतीला कुलूप किती कच्चे असते तेही कळले. या विद्यार्थ्याने प्रेरणेचे एकही व्याख्यान दिले नाही. घरात चुलीपाशी पडून असलेली विद्या त्याने ओळखली आणि आजीला कॅमेऱ्यासमोर बोलते केले, एवढेच. बारामती तालुक्यातील गावकऱ्यांनी चालविलेली 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिकाही अशीच. गावातील वाद, फसवणूक, सरकारी योजना, व्यसने हे सारे तिने गावाच्याच बोलीत मांडले आणि पुण्या-मुंबईची भाषा बोलल्याशिवाय पडद्यावर जागा मिळत नाही हा समज मोडून काढला. मराठवाड्याच्या मुलांनी हे विशेष लक्षात घ्यावे. घरी 'कामून' म्हणणारा मुलगा कॅमेरा सुरू होताच कृत्रिम शहरी मराठी बोलू लागतो, आणि त्या क्षणी त्याच्या बोलण्यातील निम्मा प्राण जातो.

तिसरे उदाहरण प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचे आहे. मुंबईत मल्हार कळंबे या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने २०१७ मध्ये दादरच्या चौपाटीवरील कचरा उचलण्यास सुरुवात केली. दर आठवड्याला माणसे जमू लागली, कचरा निघू लागला, त्याची चित्रे आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर जाऊ लागल्या आणि आणखी माणसे येऊ लागली. 'बीच प्लीज' या नावाने ही चळवळ ओळखली जाते. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीत पहिले राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार दिले गेले, तेव्हा स्वच्छतेसाठीचा पुरस्कार या तरुणाला मिळाला. येथे काम आधी झाले, चित्र नंतर आले. कॅमेरा बंद केला असता तरी चौपाटीवरचा कचरा कमी झालाच असता. प्रेरणा देऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा असा प्रश्न येथे सापडतो: माझा कॅमेरा बंद पडला तर माझ्या कामातले काय शिल्लक राहते?

आता या व्यवसायातील एका गंभीर दोषाविषयी लिहिणे भाग आहे. यशाचे सारे श्रेय माणसाच्या जिद्दीला देणारे भाषण अपयशाचा सारा दोषही त्याच्याच माथी मारते. बोलणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते लागते. ज्या भागात पाऊस एक महिना उशिरा आला तर पोराची फी थकते, जेथे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या अद्याप थांबलेल्या नाहीत, जेथे काही शे जागांसाठी लाखो उमेदवार परीक्षेला बसतात आणि निकाल अडकून पडतात, तेथे 'तू कमी पडलास' हे वाक्य केवळ अपुरे नसते, ते अन्यायाचे असते. तीन वेळा परीक्षेत नापास झालेला मुलगा रात्री अकरा वाजता मोबाईलवर असली दहा मिनिटे पाहतो. त्याला क्षणभर उभारी वाटते आणि सकाळी तो पहिल्यापेक्षा अधिक खचलेला असतो, कारण आता परिस्थितीबरोबर स्वतःचाही राग आलेला असतो. जुन्या कीर्तनकारांना हे भान होते. संकटाला ते संकट म्हणत. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन लोकांना सुनावले ते कर्ज, दारू आणि सणावारीचा खर्च यांविषयी, म्हणजे ज्यांना नाव देता येते अशा गोष्टींविषयी.

मग डोंगरकड्याच्या विद्यार्थ्याने बोलावे तरी कशावर? विषयांची वाण नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली व आसपासच्या जिल्ह्यांना भूकंपाचे धक्के बसले. जुलैतल्या धक्क्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातच रामेश्वर तांडा परिसरात होते आणि तीव्रता ४.५ नोंदली गेली. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी लोक त्याआधीही वर्षानुवर्षे धास्तावलेले होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेली पिढी हयात आहे; त्यामुळे असा धक्का बसला की अफवा वणव्यासारख्या पसरतात. अशा सकाळी भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या बोलीत चार मिनिटे सांगितले असते की ४.५ तीव्रता म्हणजे काय, किल्लारीचा ६ च्या वरचा भूकंप तिच्या किती पट होता, दगड-मातीच्या भिंती आणि पत्र्यावर ठेवलेले धोंडे यांचे काय करावे, तर किती घरांतील भीती ओसरली असती! त्या चार मिनिटांना प्रेरणादायी म्हणून कोणी नावाजले नसते. माणसांना धीर मात्र त्यातूनच आला असता, आणि धीर देणे हेच तर या मुलाला करायचे आहे.

दुसरा विषय शिष्यवृत्तीचा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय केला की, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळेल. निर्णय झाला तरी उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरचा अर्ज, त्यात निघणारी त्रुटी आणि शेवटची तारीख या पायऱ्यांवर खेड्यातील मुलगी अडते. ज्या कारकुनाच्या टेबलावर हे अर्ज येतात त्याला विचारून, कोणत्या कागदावर काय चुकते हे एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःच्या अर्जाचे उदाहरण घेऊन दाखविले, तर 'मुली काहीही करू शकतात' या घोषणेच्या शंभर चित्रफितींहून ती एक अधिक उपयोगी ठरेल. विद्यार्थिनीचा उल्लेख झाला म्हणून सांगायचे, कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या मुलीला जी अभद्र भाषा खालच्या अभिप्रायांत वाचावी लागते ती मुलाच्या वाट्याला येत नाही. तिच्या घरच्यांची नाराजी केवळ जुनाट मनाची म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

थोडे यश पदरी पडले की जाहिरातदार येतो, आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते. प्रेरणा देणाऱ्याजवळ विकण्यासारखी वस्तू एकच असते, ती म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास. म्हणून त्याच्याकडे येतात ते झटपट कर्जाचे ॲप, शेअर बाजाराचे गुरू, वजन उतरविणाऱ्या भुकट्या आणि आतापर्यंत पैसे लावून खेळायचे खेळ. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, पैसे, वस्तू किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या मालाची भलावण करणाऱ्याने तसे ठळकपणे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घालणारा कायदा संमत केला. ही माहिती वाणिज्य शाखेच्या मुलांना अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून सोडून देण्याइतकी दूरची नाही. गावातला मुलगा आपल्याच आळीतील मित्राला पैसे गमावण्याच्या मार्गावर नेऊन सोडतो, तेव्हा दोघांना पुढे त्याच पारावर बसायचे असते.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळविणाऱ्या मुलाचे आपण फळ्यावर नाव लिहितो आणि मोबाईलवर बोलणाऱ्या मुलाला वर्गातून बाहेर काढतो. दोघांच्या भाषणातील दोष बहुतेक वेळा सारखेच असतात: वाचन नाही, संदर्भाची खातरजमा नाही, टाळीची घाई आहे. महात्म्यांच्या तोंडी कोणतेही वाक्य घालून पाठविण्याची जी साथ सध्या पसरली आहे, तिचा उगम शोधला तर तो पाठांतराच्या जुन्या भाषणांतही सापडेल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. तिच्या शिबिरात खणलेल्या चरांची, लावलेल्या झाडांची, केलेल्या पाहणीची साधी व प्रामाणिक चित्रफीत करणे हे त्या कामाचाच भाग मानले, तर विद्यार्थ्याला बोलण्यासाठी काही घडलेले हाताशी राहील. पदवीचा अभ्यास सोडून या मार्गाला लागू नये हेही त्याला स्पष्ट सांगावे. वर दिलेला आकड्यांचा हिशेब त्याच्यापुढे मांडला तर तो रागावणार नाही. हिशेब न मांडता केलेल्या चेष्टेने तो रागावतो.

यासाठी महाविद्यालयाला वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. दुपारी मोकळी असणारी एक वर्गखोली, आठवड्यातून एक तास, मराठीचा एक आणि भूगोल किंवा वाणिज्याचा एक असे दोन प्राध्यापक, आणि प्रत्येक चित्रफितीआधी 'हे तुला कोठून कळले?' एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. आरंभ हळदीपासून करता येईल. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशावर काही परिणाम झाला का, हे गावात कोणाला विचारावे? एकरी बेणे किती लागले, काढणीला आणि शिजवणीला मजुरी किती गेली, वाळवून व घासून पोती भरेपर्यंत वजन किती घटले, हिंगोलीच्या बाजारात कोणत्या दिवशी कोणता भाव मिळाला आणि दोन महिने थांबला असता तर कोणता मिळाला असता, हे सारे आकडे विद्यार्थ्याने गोळा करावेत. ते कोणत्याही पडद्यावर तयार मिळणार नाहीत. त्यासाठी त्याला संध्याकाळी घरी बापाजवळ वही घेऊन बसावे लागेल.